मदत हवी आहे: पायमशीन बदलायची आहे, कुठली घेऊ?

नमस्कार मंडळी. मी खानापूरकडची. लग्नात आलेल्या काळ्या पायमशीनवर आजवर घरचं सगळं शिवलं. ब्लाउज, परकर, पोरांची झबली आणि विरलेल्या इरकलींच्या वाकळा (गोधड्या). आता शटल झिजलंय, टीप सुटते. ते बदलता येईल, पण गुडघे पायडल मारू देत नाहीत. म्हणून मोटरची मशीन हवी.

बेळगावात खडेबाजारात चौकशी केली. एकजण म्हणाला, झिगझॅगवाली घरगुती मशीन घ्या, पिको-काजं घरीच होतील. पण ती अंगाने हलकी. १६ नंबरची जाड सुई लावली तरी वाकळेचे चार-पाच थर ओढेल का? दुसरा म्हणाला, जुकीसारखी पॉवर मशीन, म्हणजे कारखान्यात असते तसली, सर्वो मोटर लावून घ्या. ती थर ओढेल, आवाजही कमी. मात्र सरळ टीपच मिळणार, शिवाय टेबलासकट सोप्यातली (बाहेरच्या खोलीतली) अर्धी जागा जाणार.

मला वाकळ सोडायची नाही. सासूबाईंच्या लुगड्यांचं गाठोडं अजून तसंच आहे. तेव्हा ज्या ताई-मावशींनी घरगुती मोटर मशीनवर खरंच जाड शिवलंय, त्यांनी कंपनी आणि मॉडेल सांगा. आणि खानापूरपर्यंत घरी येऊन दुरुस्ती करणारं कोणी आहे का?