मदत हवी आहे: कर्करोग जनजागृतीचा कार्यक्रम, नावंच येत नाहीयेत

निशिगंध:
कार्यक्रम ११ दिवसांवर आलाय आणि नावं आलीत फक्त ९. सकाळी वॉक, मग डॉक्टरांचं भाषण, शेवटी निधीपेटी. मैदान ठरलंय, गुलाबी रिबिनी आल्यात, मेसेज तीनदा फिरवलाय. बायका 'छान उपक्रम' म्हणतात आणि गप्प बसतात. काय करू? लवकर सांगा, पत्रक उद्या छपाईला द्यायचंय.

हेमांगी_क:
कुठला कर्करोग, ते लिहिलंच नाहीस.

निशिगंध:
बायकांचा हो. पिशवीचा वगैरे.

हेमांगी_क:
त्या 'वगैरे'तच घोळ आहे. गर्भाशयमुख, गर्भाशय, अंडाशय, योनीमार्ग, योनीमुख हे सगळे वेगवेगळे. शिवाय गुलाबी रिबीन स्तनांच्या कर्करोगाची. अंडाशयाची मोरपंखी, गर्भाशयमुखाची मोरपंखी-पांढरी.

पहाटवारा:
वॉक नको, ५ किमीची दौड ठेवा, मेडल द्या. आम्ही मधुमेहासाठी ठेवली होती, तुफान गर्दी झाली.

शांताकाकू:
मधुमेहाचा टीशर्ट घालून कोणीही पळेल रे. हा आजार छातीवर छापून बाई भर रस्त्यात येईल का? मला अंडाशयाचा झाला होता. पोट फुगायचं, दोन घासांत भरायचं, सारखी लघवीला. वर्षभर पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. पॅप चाचणी नॉर्मल होती म्हणून निर्धास्त होते. पॅपमध्ये गर्भाशयमुख तपासतात, अंडाशयाचं त्यात कळत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितलंच नाही. काही त्रास नसताना अंडाशयाचा कर्करोग हेरणारी भरवशाची चाचणी अजून नाही. निशिगंध, पत्रकावर हे मोठ्या अक्षरांत टाक.

पहाटवारा:
काकू, लपवल्यामुळेच तर उशीर होतो. उघड चालायला हवं.

शांताकाकू:
चालतील. आधी दार लावून बोलू देत.

अणुरेणू:
गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही विषाणू असतो, हे शोधणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउजेन यांना २००८चं नोबेल मिळालं. या विषाणूचे १६ आणि १८ हे दोनच प्रकार सुमारे ७० टक्के रुग्णांच्या मुळाशी असतात. लस मुख्यतः ९ ते १४ वयाच्या मुलींना द्यायची असते, म्हणजे बोलावायला हवं या मुलींच्या आयांना. मुलग्यांना लस द्यावी का, यावर माझं मत बरंच मोठं आहे, वेगळा धागा काढतो.

मीनल_२:
माझ्या सासूबाईंच्या रक्तचाचणीत सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगासाठी बघतात ते) जास्त आलंय, घाबरण्यासारखं आहे का?

हेमांगी_क:
मीनल, ते इतर कारणांनीही वाढतं. रिपोर्ट घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, इथे विचारत थांबू नकोस.
निशिगंध, डॉक्टर बाई आहेत की पुरुष? प्रश्न चिठ्ठीवर लिहून विचारता येतील का? आणि निधी कोणासाठी?

निशिगंध:
पुरुष. चिठ्ठीचं सुचलं नव्हतं, करते. निधी माझ्या वहिनीसाठी. गर्भाशयाच्या अस्तराचा निघालाय. पाळी जाऊन ४ वर्षं झाली होती, मग पुन्हा डाग दिसायला लागले. उष्णतेने होत असेल म्हणून तिने ८ महिने कोणाला सांगितलं नाही. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे.

शांताकाकू:
पाळी गेल्यावर एक डाग दिसला तरी डॉक्टरकडे जायचं, हे पहिल्या ओळीत लिही. वहिनीला विचारलंस का, तिच्यासाठी पेटी फिरवतेयस ते?

निशिगंध:
नाही.

पहाटवारा:
मग वॉकचं नक्की काय ठरलं?

निशिगंध:
आत्ता वहिनीशी बोलले. खूप वेळ रडली. पेटी नको, नाव नको, फोटो नको म्हणाली. पण फक्त बायका असतील आणि दार लावून बोलणार असाल तर मी येते, असं तीच म्हणाली. मैदान रद्द केलं. ओळखीतल्या कोणाच्या तरी घरी बसू, २० जणी पुरे. स्त्री डॉक्टर शोधतेय. काकू, तुम्ही याल का?

शांताकाकू:
येईन. व्यनि (खाजगी निरोप) कर. वहिनीच्या केमोची तारीख सोडून दिवस ठरव, केमोनंतरचे ३-४ दिवसही नकोत, बसवत नाही.