नवी वसाहत आखताना आधी काय: झाडं, घरं की रस्ते?

पायवाट:
आधी इमारती बसवायच्या आणि उरलेल्या कोपऱ्यात बाग उरकायची, ही रीत मला मुळीच पटत नाही. वाटा, झाडं, बसायच्या जागा आधी ठरवा, मग घरं. शहरातल्या झाडांचे अभ्यासक सेसिल कोनाइनेंडाइक यांचा ३-३०-३०० नियम साधा आहे: प्रत्येक घरातून ३ झाडं दिसावीत, वस्तीचा ३० टक्के भाग झाडांच्या छायेत असावा आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी. मला हा शेवटचा आकडा मोलाचा वाटतो. काठी टेकत चालणाऱ्या माणसाच्या आवाक्यात तेवढंच अंतर असतं.

तळमजला:
झाडं हवीतच. पण हिरवळ पेरली की शेजार उगवतो, हे मान्य नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्रुइट-आयगो या सरकारी भाड्याच्या घरांच्या वसाहतीत ११ मजली ३३ इमारती होत्या आणि मधे भरपूर मोकळी जागा. ती कुणालाच आपली वाटली नाही. १९७२ मध्ये पाडापाडी सुरू झाली.

पायवाट:
तिथलं दुखणं वेगळं होतं. देखभाल भाड्यातून व्हायची. लोक सोडून गेले, भाडं आटलं, दुरुस्ती थांबली. मोकळ्या जागेच्या माथी ते मारू नका.
आणि आखणीने शेजार बदलतो, याचा पुरावा आहे. नगररचनाकार डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतले, एरवी सारखेच असलेले तीन रस्ते तपासले. दिवसाला सुमारे २,००० गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी ३ मित्र होते. १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर एकसुद्धा धड नाही, ०.९!

तळमजला:
मग हे तर माझंच म्हणणं झालं. फरक गाड्यांनी पडला, बागेने नाही. वाहनं वस्तीच्या कडेला थांबवा, दारासमोरची गल्ली मुलांना द्या. तेवढ्याने निम्मं काम होतं.

हिशेब:
तुम्ही दोघंही जमिनीबद्दल बोलतच नाही, याचं वाईट वाटतं. बाग झाली की भोवतालची घरं महागतात आणि ज्यांना ती सावली सर्वांत जास्त हवी तेच लांब फेकले जातात. इंग्लंडच्या एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये उद्याननगरी, म्हणजे हिरवळीने वेढलेलं आटोपशीर शहर, ही कल्पना मांडली तेव्हा जमीन सगळ्यांच्या वतीने विश्वस्तांकडे राहावी आणि वाढलेल्या किमतीचा लाभ रहिवाशांकडे परतावा, हा त्या कल्पनेचा कणा होता. इंग्लंडमधलं लेचवर्थ हे गाव १९०३ मध्ये त्याच विचारातून उभं राहू लागलं. पुढे जगभर लोकांनी झाडं उचलली, मालकीचा भाग सोडून दिला.

पायवाट:
हे मी मांडायला हवं होतं, चुकलंच. पण म्हणून बाग मागे ढकलू नका. घर नंतर वाढवता येतं, मजला चढवता येतो. बांधून झालेल्या वस्तीत मोठ्या झाडाच्या मुळांना जागा कुठून आणणार?

हिशेब:
जागा आधी राखा, हरकत नाही. मात्र आराखडा मंजूर होण्याआधीच कागदावर लिहून घ्या: पाचव्या उन्हाळ्यात त्या झाडांना पाणी कोण घालणार आणि त्याचे पैसे कुठून येणार.