मदत हवी आहे: आयटीत शिरण्यासाठी ए प्लस, सीसीएनए वगैरे सर्टिफिकेशनचा खरंच उपयोग होतो का?

कोरीपाटी:

नमस्कार मंडळी,

माझी वाणिज्य शाखेची पदवी आहे आणि सध्या डेटा एंट्रीचं काम करते. ऑफिसात कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचं आउटलुक उघडेना, की पहिली हाक मलाच. आयटीचा माणूस येईपर्यंत निम्म्या तक्रारी मिटलेल्या असतात. त्यातूनच डोक्यात किडा शिरलाय की हेच काम पूर्णवेळ का करू नये?

हेल्पडेस्क, डेस्कटॉप सपोर्टच्या जाहिराती बघते तर बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं, 'संगणक शाखेची पदवी किंवा समकक्ष सर्टिफिकेशन'. त्या 'किंवा'वर माझी सगळी भिस्त आहे. पण सल्ले ऐकून डोकं भणभणायला लागलंय. क्लासवाले म्हणतात, कॉम्पटिया संस्थेच्या ए प्लस (संगणक सपोर्ट), नेटवर्क प्लस, सिक्युरिटी प्लस असं तिन्हींचं पॅकेजच घ्या. ओळखीतले एक डेव्हलपर म्हणतात, ही कागदं कुणी बघत नाही, पैसे वाया जातील. भाऊ म्हणतो, जमाना क्लाउडचा आहे, ॲमेझॉनच्या क्लाउडचं म्हणजे एडब्ल्यूएसचं सर्टिफिकेशन कर.

नोकरी सांभाळून अभ्यास करायचा आहे, त्यामुळे चुकीच्या परीक्षेत वेळ घालवणं परवडणार नाही. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

तारओढ्या:

तुमचे डेव्हलपर मित्र त्यांच्या जागी बरोबर आहेत. प्रोग्रामिंगच्या नोकरीत लिहिलेला कोड बघतात, तिथे ए प्लसला कुणी विचारणार नाही. पण सपोर्ट आणि नेटवर्कचं गणित वेगळं आहे. तिथे नवख्या माणसाकडे दाखवायला कोड नसतो आणि अनुभवही नसतो. अर्जांचा गठ्ठा आधी चाळणाऱ्याला बहुधा तांत्रिक काही कळत नसतं, तो जाहिरातीतले शब्द अर्जात शोधतो. ए प्लसचं पहिलं काम तिथे आहे, तुमचा अर्ज त्या गठ्ठ्यातून वर काढणं. तिथून पुढे त्याची पुण्याई संपते.

मी मुलाखतींना बसतो म्हणून सांगतो. माझा ठरलेला प्रश्न असा: एका मशीनवर इंटरनेट नाही, आयपी पत्ता बघितला तर १६९.२५४ ने सुरू होतोय, काय कराल? घोकून पास झालेला उमेदवार लगेच 'एपीआयपीए' (मशीनने स्वतःच स्वतःला दिलेला पत्ता) म्हणतो आणि थांबतो. ज्याने हात घातलेला असतो तो म्हणतो, म्हणजे मशीनला डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून पत्ता मिळालेला नाही. आधी केबल आणि पोर्टचा दिवा बघेन, मग शेजारच्या मशीनला पत्ता मिळतोय का ते बघेन, त्याला मिळत असेल तर घोटाळा याच मशीनचा किंवा याच पोर्टचा. दोघांकडे सर्टिफिकेट तेच असतं. घेतो मात्र दुसऱ्याला.

पॅकेजच्या भानगडीत पडू नका. ए प्लससाठीच दोन स्वतंत्र परीक्षा द्याव्या लागतात, फीसुद्धा दोनदा. प्रत्येकीत जास्तीत जास्त ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. ९०० पैकी पहिलीला ६७५ आणि दुसरीला ७०० गुण लागतात. सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं. पण पुढे सिक्युरिटी प्लससारखी वरची परीक्षा पास झालात तर ए प्लसचं नूतनीकरण त्यातच होऊन जातं. म्हणून आत्ता एक करा, नोकरी धरा, पुढची परीक्षा मग बघा. कर्मचाऱ्यांच्या परीक्षेची फी भरणाऱ्या कंपन्या असतात, मुलाखतीत विचारायला लाजू नका.

सतरंगी:

तारओढ्यांशी अर्धी सहमत. कोरीपाटी, तुम्ही प्रिंटर आणि आउटलुक आधीच हाताळताय, मग त्याच गोष्टींचा कागद कशाला? लेझर प्रिंटरचे सात टप्पे क्रमाने पाठ करून कुणाचं भलं झालंय! सरळ सिस्को कंपनीची नेटवर्किंगची सीसीएनए करा. एकच परीक्षा आहे, २००-३०१, १२० मिनिटांची. २०२० मध्ये सिस्कोने पूर्वीच्या वेगवेगळ्या सीसीएनए शाखा मोडून ही एकच ठेवली. नेटवर्कवाल्यांत तिला जो मान आहे तो ए प्लसला कधीच मिळणार नाही.

तारओढ्या:

मान आहे, मान्यच. पण सीसीएनएत सबनेटिंग (पत्त्यांचे गट पाडणं), व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी नेटवर्क), ओएसपीएफ (राउटरने मार्ग शोधणं) हे सगळं येतं. ज्यांनी स्विच कधी कॉन्फिगर केलेला नाही त्यांना ते एकदम जड जातं, आणि अर्ध्यात सोडलेल्या सीसीएनएचा अर्जावर काही उपयोग नाही. शिवाय हेल्पडेस्कच्या जाहिरातीत मागतात ते वेगळंच असतं.

रस आहे का हे तपासायचं असेल तर पॅकेट ट्रेसर हा नेटवर्कची नक्कल करणारा प्रोग्राम फुकट मिळतो, सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीत खातं काढलं की झालं. दोन स्विच आणि एक राउटर जोडून दोन व्हीलॅनमधून एकमेकांना पिंग पोचवून बघा. मजा आली तर सतरंगींचं ऐका. कंटाळा आला तर तेही वेळेत कळलेलं बरं.

सात टप्प्यांबद्दल मात्र निषेध नोंदवतो :) छापलेल्या कागदावरची शाई बोटाने पुसली जात असेल तर शाई तापवून कागदावर पक्की करणारा फ्यूझर बघायचा, हे ते टप्पे माहीत असल्यामुळेच सुचतं.

ढगातला:

क्लाउडबद्दल. एडब्ल्यूएस क्लाउड प्रॅक्टिशनर म्हणजे ६५ प्रश्न, ९० मिनिटं. त्यात काही उभारून दाखवावं लागत नाही, कोणती सेवा कशासाठी आणि बिल कसं लागतं एवढं कळलं की पुरे. विक्री आणि व्यवस्थापनातली माणसंसुद्धा ती देतात. मायक्रोसॉफ्टची एझेड-९०० त्याच जातीची, फक्त तिची मुदत कधी संपत नाही. विषयाची तोंडओळख म्हणून दोन्ही चांगल्या, पण नुसत्या त्यांच्या जोरावर क्लाउडची नोकरी मिळत नाही. जाहिरातीत मागतात त्यांच्या वरच्या परीक्षा, मायक्रोसॉफ्टची एझेड-१०४ किंवा एडब्ल्यूएसची सोल्यूशन्स आर्किटेक्ट. भावाला सांगा, क्लाउड पळून जात नाही.

अवांतर: गुगलचा आयटी सपोर्टचा कोर्सेरावरचा कोर्स शिकायला छान आहे, पण तो कोर्स पूर्ण केल्याचा दाखला झाला. ए प्लससारखी देखरेखीखालची परीक्षा त्यात नसते. जाहिरातीतल्या 'समकक्ष'मध्ये तो धरतील की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

निवांत_बसलोय:

दोन इशारे देतो आणि पुन्हा निवांत बसतो.

ए प्लसच्या २२०-११०१ आणि ११०२ या परीक्षा सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाल्या. आता १२०१ आणि १२०२ चालू आहेत. कुणी जुनं पुस्तक स्वस्तात देऊ केलं तर आधी हा आकडा बघा. अभ्यासक्रमाची मुद्देवार यादी कॉम्पटियाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, ती उतरवून घ्या आणि जमलेल्या मुद्द्यांवर खुणा करत जा. प्रोफेसर मेसरचे व्हिडिओही फुकट आहेत.

दुसरं, 'खऱ्या परीक्षेतले प्रश्न' म्हणून विकणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होतं. नाही पकडलं तर तारओढ्यांसारखा कुणीतरी समोर बसलेला असतोच.

कोरीपाटी:

सगळ्यांचे मनापासून आभार! काल रात्री बसून जाहिराती पुन्हा नीट वाचल्या. माझ्या कामाच्या जाहिरातींत ए प्लस बऱ्याचदा दिसतं, सीसीएनए क्वचित, क्लाउड प्रॅक्टिशनर एकदाही नाही. त्यामुळे पॅकेज रद्द, ए प्लस नक्की. सतरंगी, पॅकेट ट्रेसर मात्र उतरवून घेतलाय.

पण एक नवीनच शंका आली. जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' (कर्मचाऱ्यांची खाती आणि अधिकार सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) आहे. ऑफिसात मला त्याचे अधिकार कुणी देणार नाही. मग ते शिकायचं कसं? लॅपटॉपची रॅम ८ जीबी आहे.

तारओढ्या:

घरीच शिका. एका संगणकात आणखी संगणक चालवणारा व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे आणि विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस चालते. एका व्हर्च्युअल मशीनवर सर्व्हर टाकून त्याला डोमेन कंट्रोलर (सगळी खाती सांभाळणारा सर्व्हर) करा, दुसऱ्यावर विंडोज टाकून ते डोमेनला जोडा. हे दुसरं विंडोज प्रो किंवा एंटरप्राइझ हवं, होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही. मग दहा-बारा खोटे कर्मचारी तयार करा, गट करा. एकाचा पासवर्ड मुद्दाम चुकवत राहून खातं लॉक करा आणि ते उघडा. ग्रुप पॉलिसीने, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम लागू होणाऱ्या नियमांनी, सगळ्यांना एक शेअर्ड ड्राइव्ह दिसेल असं करा. हेल्पडेस्कचे पहिले काही महिने यातच जातात. अर्जात 'घरच्या लॅबमध्ये केलेलं काम' असं स्पष्ट लिहा, अनुभव म्हणून खपवू नका. आम्ही त्यावरच प्रश्न विचारतो आणि उत्तरं आली की खूश होतो.

८ जीबीत ओढाताण होईल. विंडोज ११ एकटंच ४ मागतं, सर्व्हरला किमान २ द्यावे लागतात, आणि मूळ मशीनलाही श्वास घ्यायचा असतो. लॅपटॉपमध्ये मोकळा स्लॉट असेल तर ८ ची अजून एक पट्टी स्वतःच बसवा, ए प्लसच्या पहिल्या पेपरात हे आहेच. फक्त विकत घेण्याआधी डीडीआर४ की डीडीआर५ ते बघून घ्या, खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही.