आठ जण, एक कॅफे: ऑर्डर आणि बिल कसं जमवायचं?

पेठकर_८८:
नमस्कार मंडळी. शनिवारी संध्याकाळी आठ मित्रमैत्रिणी प्रभात रोडच्या बाजूला एका कॅफेत जमणार आहोत. एक जैन, तिघे शाकाहारी, दोघे फक्त कॉफी घेणारे. टीटीएमएम ठरलंय, पण बिलाच्या वेळी हमखास गोंधळ होतो. शिवाय सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

दुधाळ_कॉफी:
टेबल फोन करूनच ठेवा आणि 'आठ जण, एकच टेबल' हे स्पष्ट सांगा. बंगल्यात थाटलेल्या कॅफेंमध्ये टेबलं बहुतेक दोन-चार जणांची असतात. जोडायला जागा नसली की चार-चार असं बसवतात. टेबल किती वेळ धरून ठेवणार आणि किती वाजेपर्यंत मोकळं करायचं, तेही विचारा.

जैन मैत्रिणीसाठी 'कांदा-लसूण नको' एवढं सांगून भागत नाही. पिझ्झाचा लाल सॉस आणि पेस्तो बहुतेक ठिकाणी आधीच करून ठेवलेले असतात आणि दोन्हींत लसूण असतो. तो नंतर काढता येत नाही. 'व्हाइट सॉस ताजा करता का?' असं विचारा. लोणी, मैदा, दूध एवढंच लागतं, त्यामुळे तो वेगळा करून देणं सोपं. शाकाहाऱ्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात: फ्राइज आणि चिकन विंग्ज एकाच तेलात तळतात का, आणि चीज खरं पार्मेजान आहे का. पारंपरिक पार्मेजानमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा पदार्थ, असतो.

ऑर्डर दोन टप्प्यांत द्या. आधी दोन स्टार्टर आणि एक पिझ्झा, ते आल्यावर आणखी दोन पिझ्झा आणि दोन पास्ता. दहा इंची पिझ्झा धरला तर सहा जणांना एवढं पुरतं. सगळं एकदम मागवलं की गप्पांत पास्ता घट्ट होतो, चीज चिवट होतं.

कॉफीही आठ जणांनी एका वेळी मागवू नका. एस्प्रेसोला २५-३० सेकंद लागतात, खरा वेळ दूध फेसण्यात जातो. दूध फेसण्याच्या एका जगात (भांड्यात) साधारण दोनच कप होतात, त्यामुळे शेवटचा कप तयार होईपर्यंत पहिला निवतो. जेवणाऱ्यांची कॉफी शेवटी, त्या दोघांची आधी.

हिशेबनीस:
सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या: तो बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या कायम ठेवल्या. बिलात दिसलाच तर शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मात्र तेवढी रक्कम वजा करून पैसे देऊ नका, बिल नवं करून घ्या. कारण त्या चार्जवरही जीएसटी लागलेला असतो. पदार्थ ६,००० रुपयांचे, त्यावर १० टक्के म्हणजे ६००, आणि ६,६०० वर ५ टक्के जीएसटी ३३०: एकूण ६,९३०. चार्ज काढला की ६,३००. फरक ६०० नाही, ६३० आहे.

वाटणीसाठी एकच गुणक काढा: अंतिम बिल भागिले मेनूतल्या किमतींची बेरीज. इथे ६,३०० ÷ ६,००० = १.०५. प्रत्येकाने आपल्या पदार्थांची बेरीज त्याने गुणायची. वाटून खाल्लेला पिझ्झा खाणाऱ्यांतच विभागायचा. २५० ची कॉफी घेणाऱ्याचे २६२.५० होतात. सरसकट आठ भाग केले तर त्यालाच ७८७.५० पडतात, आणि तिथेच मनं दुखावतात.

पेठकर_८८:
फारच उपयोगी, आभार! अ‍ॅपवरची सूट घेतली तर? २० टक्के, कमाल १,००० रुपये अशी आहे.

हिशेबनीस:
रीत तीच. ६,००० वर २० टक्के म्हणजे १,२००, पण मिळणार १,०००. उरलेल्या ५,००० वर जीएसटी २५०, एकूण ५,२५०. गुणक ०.८७५, कॉफीचे २१८.७५. अशा सवलतीत सहसा पूर्ण बिल अ‍ॅपमधूनच भरावं लागतं. म्हणून एकानेच भरायचं, बिलाचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि बाकीच्यांनी टेबलावरून उठायच्या आत यूपीआय करायचं. अ‍ॅपने वर शुल्क लावलं असेल तर तेही अंतिम बिलात धरून गुणक काढा.

दुधाळ_कॉफी:
टिप द्यायची असेल तर ती या हिशेबात घालू नका. वाढणाऱ्याच्या हातात रोख द्या.