‘आपला परिवार’ ग्रुप : आईंना दाखवलेली सिरीयल

विद्या: काल संध्याकाळी आईंना डबा द्यायला गेले. टीव्हीवर एक जाडा माणूस दुसऱ्याच्या अंगावर गाडी घालतोय, वर खाली उतरून मारतोय. समोर आई, हातात जपमाळ. प्रणव, काय लावून दिलं होतंस?

प्रणव: सोप्रानोज, मामी. अमेरिकन सिरीयल. पहिला भाग. आजीच म्हणाली, तू बघतोस ते लाव.

मिलिंद: तो जाडा नट म्हणजे गॅंडोल्फिनी. काय काम केलंय! २०१३ ला गेला बिचारा, ५१ वर्षांचा होता फक्त.

सुनंदा: मी दहा मिनिटं बघून बंद केली होती. तोंड उघडलं की शिवी. त्यांच्याकडे सेन्सॉर नाही का?

केतकी: आत्या, ही ज्या चॅनलवर यायची ते एचबीओ वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. इथे अमेरिकेत शिव्या-असभ्यतेचे सरकारी नियम अँटेनावर दिसणाऱ्या चॅनलना आहेत, केबलला नाहीत. आणि जाहिरातीच नाहीत, मग जाहिरातदाराला कोण भिणार? १९९९ ची आहे ही. सुरुवातीला तो ज्या टर्नपाइकवरून, म्हणजे टोलच्या हायवेवरून, घरी जातो ना, त्यावरून मी रोज ऑफिसला जाते. गुंडांची गोष्ट म्हणून बघायला बसले आणि निघाली आई आणि मुलाची.

मिलिंद: टर्नपाइकवरून आठवलं. केतकी, चिन्मयचे बूट घेतलेस का? ९ नंबर.

विद्या: मुद्दा आईंसमोर लावण्याचा आहे.

नाना: प्रणव, वयस्कर माणसाचा विचार करावा बाळा. बाकी मीही तो भाग पाहिला. ती बदकं छान घेतली आहेत.

प्रणव: हो ना नाना! स्विमिंग पूलमध्ये बदकं, त्यांची पिल्लं. हा बाथरोबवर पाण्यात उतरून त्यांना खायला घालतो. मुलाच्या वाढदिवशी ती उडून जातात आणि एवढा दांडगा माणूस धाडकन पडतो. हार्ट वगैरे काही नाही, मनातून खचलाय.

मिलिंद: म्हणजे गुंडालाही आपल्यासारखंच. ९ नंबर, केतकी. साडेआठ नको.

केतकी: घेते रे दादा. त्याची आई बघा पण. एकटी राहते, घर सोडत नाही. अंधार पडला की फोन उचलत नाही. देवाने आता न्यावं म्हणते. आणि वर, मुलांपेक्षा मुलीच आईचं नीट करतात.

सुनंदा: हे मात्र अगदी खरं.

विद्या: असेल ताई. डबा रोज मीच नेते.

सुनंदा: डोंबिवलीहून रोज येणं जमत नाही हे तुला माहीत आहे विद्या. तळेगावची जागा बघायला आले होते मी.

विद्या: आणि दारातूनच आई परत फिरल्या तेव्हा रिक्षात त्यांचा हात धरून कोण बसलं होतं? असो. मुद्दा आईंसमोर लावण्याचा आहे.

नाना: विषय सिरीयलचा चालला आहे. कृपया.

प्रणव: सिरीयलमध्ये तेच आहे नाना. आईला वृद्धाश्रमाची जागा दाखवायला नेतात. चांगली असते, पण तिला आजारी माणसांचा भाग दिसतो आणि ती बिथरते. तिथे आजी म्हणाली, थांबव जरा. पाणी प्यायली. पाच मिनिटं गप्प. मी म्हटलं, बंद करू का? तर म्हणाली, नको, लाव.

श्रीकांत: नंतर काय म्हणाली आई?

प्रणव: जास्त काही नाही मामा. तो मुलगा आईसाठी जुन्या गाण्यांच्या सीडी आणतो, तिला धरून नाचतो. तेवढं म्हणाली, पोरगा वाईट नाहीये.

मिलिंद: काकूंचा रेडिओ चालू आहे का श्रीकांतदादा?

श्रीकांत: दिवाळीपासून बंद आहे. उद्या नेतो दुरुस्तीला.

सुनंदा: नवीनच घे. मी पैसे पाठवते.

विद्या: पैसे नकोत ताई. या रविवारी या, एवढंच.

सुनंदा: येते. पण पुढचा भाग आईला दाखवू नका रे, खरंच.

विद्या: तेच तर सकाळपासून सांगतेय. पण आज डबा ठेवला तर पहिला प्रश्न हाच, ती बदकं परत येतात का?

प्रणव: आत्ता फोन करून सांगतो आजीला.

विद्या: आता नको. नऊ वाजून गेले, उचलणार नाहीत त्या. सकाळी कर.