खणाच्या पिशव्या आणि कागदी पाकिटं: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, भाऊबीजेला नणंदा, जावा आणि भाच्यांना द्यायला घरीच पिशव्या शिवतेय. कापड म्हणजे कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण. आईच्या कपाटात न शिवलेले खण पडून होते, त्यांचं सोनं करावं म्हटलं. पन्हा (कापडाची रुंदी) लहान असल्यामुळे काठ पिशवीच्या तोंडाशी येईल असं बेतलंय, दिसतंय झकास.

अडचण अशी की कात्री लागली रे लागली की कडेचे धागे सुटायला लागतात. कडा गुंफून पक्क्या करणारं ओव्हरलॉकचं मशीन घरी नाही. कडेला आडव्या कापडाची पट्टी लावू, की आतून अस्तर घालून शिवण झाकून टाकू? अस्तराला सुती कापड आहे, पण मध्ये बकरम (ताठपणासाठी घालतात ते कडक कापड) घातलं तर पहिल्या धुण्यात पिशवी लुळी पडेल अशी भीती वाटते. कोणी फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) वापरलंय का? जरीच्या काठावर इस्त्री किती गरम चालते?

दुसरं, बंद जोडतो तिथे कापडाचे इतके थर येतात की मशीन टाके सोडतं. सुई 16 नंबरची आहे. 18 ची लावू, की तेवढं सरळ हाताने बखिया घालून घेऊ?

सोबत ओवाळणीसाठी जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटंही करतेय. (त्या जाड, सोनेरी छपाईच्या पत्रिका रद्दीत टाकवतच नाहीत!) पातळ डिंकाने कागद सुरकुततो, म्हणून मैद्याची खळ करायचा विचार आहे. तिला झुरळं लागू नयेत म्हणून मोरचूद घालतात, पण ते विषारी, त्यामुळे लहान मुलांच्या हातात जाणाऱ्या पाकिटाला ते नको वाटतं. दुसरं काय वापरता?