रोमन अंकांत वजाबाकी नेमकी कुठे चालते? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रोमन अंक एकदाचे पक्के करायचे ठरवलंय. आय १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५०० आणि एम १००० इथपर्यंत पाठ आहे. लहान अक्षर मोठ्याच्या नंतर आलं की बेरीज, आधी आलं की वजाबाकी, हेही समजलं.

गाडी अडते ती ४९ वर. ५० मधून १ वजा, मग आय-एल लिहून मोकळं का होता येत नाही? सगळीकडे एक्सएल-आयएक्स दिसतं, म्हणजे ४० वेगळे आणि ९ वेगळे. मी लावलेला अर्थ असा: आय फक्त व्ही किंवा एक्सच्या आधी, एक्स फक्त एल किंवा सीच्या आधी आणि सी फक्त डी किंवा एमच्या आधी वजा होतो. व्ही, एल, डी कधीच वजा होत नाहीत. म्हणून १९९९ चं एम-सीएम-एक्ससी-आयएक्स (केवढी ही लांबण!). बरोबर आहे ना?

पण मग कित्येक घड्याळांवर ४ साठी सरळ चार आय का असतात? जुने रोमन लोक दोन्ही प्रकारे लिहीत, हे ठाऊक आहे. आज परीक्षेत तसं लिहिलं तर चूक धरतात का?

शिवाय ३९९९ च्या पुढे काय करायचं? अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ दिली की किंमत हजारपट होते, पण ही पद्धत कुणी प्रत्यक्ष वापरतं का? लांबलचक आकडा झटकन वाचायची युक्ती असेल तर तीही सांगा.